अब्बांची शेरवानी

ट्रंक उघडली आणि कापराच्या वासासोबत अब्बांची शेरवानी हाती आली.

अब्बा अहमदपूरला शिंपीकाम करायचे. लातूरला माझं पहिलं नाटक होतं, तेव्हा ते हीच घालून एसटीनं आले. नाट्यगृहाच्या दारातच मी कुजबुजलो, "अब्बा, नाटकाला शेरवानी कोण घालतं? मित्र हसायलेत."

"बेटा, तुझा पहिला खेळ हाय. मला लग्नघरच वाटलं."

त्यांनी ती काढली. आतल्या सदऱ्याच्या खांद्याला ठिगळ होतं.

शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अब्बांना वाजवता आल्या नाहीत. घडी केलेली शेरवानी त्यांनी दोन्ही हातांनी त्या ठिगळावर धरली होती. रंगमंचावरून मला ते दिसत होतं.

आज नांदेडला माझ्या मुलीचं नाटक आहे. बटणं लागत नाहीत, तरी शेरवानी घालून निघालोय.