निलेशचा गुडघा

२०१८ साली मी पासष्ट वर्षांचा होतो. त्या वर्षी माझा पुतण्या निलेश मुंबईहून आला की घरात शिरायच्या आधी माझ्या बोटीवरच्या बर्फाच्या पेटीत उजवा पाय घालून बसायचा. मासे बाजूला सारायचा आणि मांडीपर्यंत पाय आत. ह्या पेटीतलं म्हावरं कोण घेणार, म्हणून बायका कुरकुरायच्या. तो हसायचा. दुखतं का विचारलं की उत्तर ठरलेलं, "गुडघे दोन हायेत, काका. एक गेला तर दुसरा हाय."

निलेश मुंबईच्या एका क्लबात पगारी फुटबॉल खेळायचा. ओहोटीच्या ओल्या वाळूवर शिकलेला, त्यामुळे पायात ताकद. गावात आला की क्लबाचं जाकीट भर उन्हातही काढायचा नाही. मलाही त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

मी चौथी शिकलेला, पण बोटीचा तांडेल. बोटीवर माझा शब्द शेवटचा. आमच्यात खलाशी जायबंदी झाला तर तो उभा राहीपर्यंत त्याचा माशांचा वाटा त्याच्या दारात पोचतो. तांडेलाच्या हुकमावरून जायबंदी झाला असेल, तर तो वाटा तांडेलाच्या वाट्यातून जातो. मला वाटायचं, सगळीकडे असंच असतं.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. हंगामातली शेवटची मॅच होती, गुडघा सुजला होता, आणि क्लबाचा डॉक्टर सुई घेऊन उतर म्हणत होता. निलेशचं मन घेत नव्हतं. "काका, तुमी सांगा, उतरू का?"

मी म्हटलं, "जाळं ओढताना कोळी दोर सोडत न्हाय. उतर."

तो उतरला. सुईमुळे दुखणं कळलं नाही आणि गुडघ्यात होतं नव्हतं ते सगळं तुटलं.

क्लबाचं पत्र आलं. दुखापत जुनी, करार संपला, ऑपरेशनचं तुमचं तुम्ही बघा. सव्वीस वर्षांचा पोर! समोरासमोर बोललं की सुटेल, असं मला वाटलं. आम्ही एसटीनं गेलो, सोबत बर्फातल्या सुरमईची टोपली. बोलणी करायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमची रीत. फाटकावर निलेशचा माणसाएवढा फोटो. त्याच फोटोखाली रखवालदारानं त्याला नाव विचारलं आणि दोन तास उभं ठेवलं. ज्या पायावर तिकिटं विकली, त्या पायाला खुर्ची मिळाली नाही. मग इस्त्रीच्या शर्टातला एक जण बाहेर आला. साहेब भेटणार नाहीत म्हणाला, टोपली बघून नाकाला रुमाल लावला आणि वास येतो, उचला म्हणाला. त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. आजही वाटतं.

टोपली निलेशनंच उचलली. परत येताना म्हसळा गाव मागे पडल्यावर तो एवढंच बोलला, "काका, दोर मी न्हाय सोडला. त्यांनी सोडला." फोनवर उतर म्हणणारं तोंड कुणाचं होतं, तो विषय त्यानं काढला नाही. घरी जाताना माझ्या बोटीजवळून तसाच पुढे गेला, बर्फाच्या पेटीत पाय घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट किनाऱ्याला लागली, वाटे पडले. मी माझा वाटा निलेशच्या नावानं बाजूला काढला तेव्हा खलाशी एकमेकांकडे बघू लागले, कारण निलेश कधी आमच्या बोटीवर कामाला नव्हता. एकानं विचारलं, "तांडेल, त्याला कुनी हुकूम दिलेला?"

"मी," म्हटलं, आणि वाट्याची टोपली त्याच्या दारात नेऊन ठेवली.