मी लिहिलेला पंचनामा

आमच्या गावात वाऱ्याची पारख माझ्या काकांइतकी कोणालाच नव्हती. ज्वारीची मळणी झाली की लोक त्यांना विचारूनच उपणायला तिवईवर चढायचे. काका खळ्यावर उभे राहून मूठभर भुसा सोडायचे, तो कुठं पडतो ते बघायचे आणि सांगायचे, "आता नोको. दोन घंट्यानं धर." दोन घंट्यानं वारा यायचाच. याच काकांनी मला अकोल्याला कॉलेजात घातलं. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती आणि अमडापूरकडच्या आमच्या खेड्यात मी पहिला बी.ए. झालो. हे मी आजही छाती काढून सांगतो. पुढचं सांगताना मात्र मान खाली जाते.

गावच्या कडब्याच्या सगळ्या गंज्या एकाच जागी रचायची आमच्याकडं रीत होती. गोठ्यांच्या मागं, एकमेकींना खेटून. राखणीला एक माणूस पुरतो म्हणून. त्या साली राखणीला शेजारच्या घरचे आबा होते. त्यांच्या मुलाचं आणि आमचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाकडं होतं. नांगरताना त्यानं आमचा धुरा हातभर कोरला, असं काकांचं म्हणणं. बोलणं बंद होतं, पण आबांशी माझं कधी काही नव्हतं.

चैत्रातली भर दुपार. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. "गंजी पेटली!" अशी ओरड आली म्हणून धावलो. कडेची एकच गंजी जळत होती, आबांच्या घरची. तिच्या पलीकडं नांगरलेलं उघडं वावर, आणि वारा त्याच अंगाला. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "एकच जाईन बाप्पा, घाबरू नोका."

तेवढ्यात वारा फिरला.

आगीला एवढा आवाज असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. जळत्या पेंढ्या पाखरांसारख्या उडाल्या आणि बघता बघता सगळ्या गंज्या धडधडल्या, मग गोठ्यांची छपरं. विहिरीपासून बादल्यांची रांग लागली तोवर विझवायला काही राहिलं नव्हतं. आबांची सून विळा घेऊन गोठ्यात शिरली. तिनं दावी कापली, दोन बैल बाहेर आले, त्यांच्या पाठीवरचे केस जळालेले. गायीसाठी ती परत आत वळली आणि छप्पर खाली बसलं. तिला ओढून काढलं तेव्हा तिच्या मुठीतला विळा सुटेना. बैल जुंपून खाचरातून तिला चिखलीला नेलं, तिथून बुलढाण्याच्या दवाखान्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर जमादार आले. पंचनामा लिहायला मला बसवलं. गावात मीच तेवढा शिकलेला. आबा भिंतीला टेकून बसले होते.

"चिलीम ओढत होते काय?" जमादारांनी विचारलं.

"ओढत होतो साहेब. मंग डोळा लागला."

"विझवली होती?"

"ठिणगी पडली असन. माह्याच हातून झालं असन."

मी लिहिलं: राखणदाराच्या चिलमीच्या ठिणगीने आग लागली. वळणदार अक्षरात लिहिलं, खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. आबांनी आंगठा दिला. पंच म्हणून काकांनी सही केली. जमादार म्हणाले, "वा! अक्षर म्हणजे छापल्यावाणी." मला बरं वाटलं. आता लिहितानाही त्या बरं वाटण्याची शिसारी येते.

घरी जेवायला बसलो. काकू भाकरी थापत होती. मी तिला कौतुकानं सांगत होतो, काय लिहिलं, कसं लिहिलं. काका ताटातून मान वर न करता म्हणाले, "चिलीम तं विझेल होती बे त्याची. उपडी पडली होती बाजूले."

काकूचा हात थांबला.

"तुमाले काय माहीत?" मी विचारलं.

काकांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"काका, तुमी तं तवा वावरात होते ना?"

"एकच गंजी लावली होती," ते म्हणाले. आवाज अगदी रोजचा, उपणणी कधी धरायची हे सांगावं तसा. "तीन दिवस वारा पाह्यला. भुसा सोडून पाह्यला. मांगं नांगरेल वावर. दुसऱ्या कोणाची काडी जळाले नोको होती. वारा फिरला, त्याले मी काय करू?"

माणूस रागात काडी लावतो हे मी समजू शकलो असतो. त्यांनी तीन दिवस अंदाज घेतला होता.

मी उठलो.

"कुठी चालला?"

"चावडीवर. जमादार अजून हायेत."

"तुले कालेजात कोन घातलं, हे इसरला काय बे?"

"नाही इसरलो," मी म्हणालो. काकू दारात आडवी झाली नाही. तिनं तोंडाला पदर लावला होता.

जमादार हसले. "काय बी.ए., सकाळचं दुपारी खोटं?" पण त्यांनी काकांना बोलावलं. काका आले, "हाव," एवढंच म्हणाले आणि त्यांच्याबरोबर निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

सहाव्या दिवशी आबांची सून दवाखान्यातच वारली. तिचं तेरावं झाल्यावर मी आबांकडं गेलो.

"आबा, आग तुमच्या चिलमीनं नाही लागली. काकानं लावली. त्यायनं कबूल केलं."

"मले बरं वाटावं म्हनून सांगून राह्यला तू."

"नाही आबा. ते मी चुकीचं लिहिलं होतं."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तू वाचून दाखोलं, मी आंगठा देल्ला. बी.ए. झालेला मानूस चुकीचं लिहीन काय?"

मी पुन्हा सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. ते मान हलवत राहिले. आबा पुढं तीन वर्षं जगले. सुनेच्या माहेरचं कोणी दारात दिसलं की ते उठायचे आणि मागल्या दारानं वावराकडं निघून जायचे.