तारेवरचा भागाकार

जालिंदर वायरमनचा उजवा अंगठा आजही वळत नाही. तो चेचला गेला भर दुपारी, पाणी सोसायटीच्या विहिरीवर, चेअरमन अर्जुनरावाच्या हुकमाने. लोक म्हणतात, दुष्काळाने माणसं बिघडली. काहीतरी सांगतात झालं. बिघडलेली होतीच, दुष्काळाने त्यांना निमित्त दिलं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात आष्टीकडच्या त्या गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं. विहीर सगळ्या सभासदांची, पाणी मात्र अर्जुनरावाच्या मोसंबीला. भीमनगरच्या बायका घागरी घेऊन येऊ लागल्या, तशी त्याने विहिरीभोवती दगडी खांबांवर तार ताणली आणि जालिंदरला बोलावलं.

"हिच्यात करंट सोड."

जालिंदर परळीच्या वीज केंद्रात चार वर्षं राबून आलेला. तो आधी आकडे मांडायचा. "चेअरमन, ओलं अंग हजार ओहमचं धरा. दोनशे तीस व्होल्टला हजारानं भागा. पाव अँपिअरच्या जवळ जातंय. त्याच्या पाचव्या हिश्श्यातबी माणूस मरतंय."

उत्तर रामहरी राखणदाराच्या काठीने दिलं. बरगडीवर दुसरी बसली, तेव्हा जालिंदर हो म्हणाला.

पण तारेला वीज पुरवणाऱ्या पेटीत त्याने दाराच्या घंटीचा, व्होल्ट उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर दडवला. तारेत आले फक्त बारा व्होल्ट. हजाराने भागले तर हाताला चटका बसावा, एवढंच. पेटीवरचा लाल दिवा मात्र झोकात पेटायचा. घरी येऊन त्याने बायकोला, मनकर्णाला सांगितलं, "तार मारत न्हाई. बायांना सांग." चुकला तो इथेच. अर्जुनराव गप्प बसेल असं त्याने धरलं होतं.

आठ दिवस बायकांनी तार ओलांडून घागरी भरल्या. नवव्या दिवशी अर्जुनरावाने पेटी उघडून पाहिली. जालिंदरला कुंपणाच्या आत फरफटत आणलं, त्याचा पंजा विहिरीच्या लोखंडी पाइपावर दाबून धरला आणि रामहरीने पान्याने अंगठा चेचला.

"लई हुशार हायेस बे," म्हणत अर्जुनरावाने ट्रान्सफॉर्मर फेकून दिला, वायर सरळ तारेला जोडली आणि पेटीला कुलूप घातलं.

तेवढ्यात बांधावर बायका आल्या, पुढे मनकर्णा. नवऱ्याला मारताना पाहून ती सरळ तारेकडे धावत सुटली. तिला कसली भीती? "मागं फिर," जालिंदर ओरडला. गलक्यात तिला शब्द कळले नाहीत, वाटलं, तो वाचवायला बोलावतोय.

त्याने रामहरीच्या मनगटाचा लचका तोडला आणि सुटला. पोहऱ्याची साखळी एका टोकाने पाइपाला बांधलेली होती. पाइप खाली पाण्यात. तारेतला करंट साखळीवाटे पाण्यात उतरला, तर वाटेत दहा ओहम धरले तरी तेवीस अँपिअर, आणि पेटीतला फ्यूज पाचाचा, त्यानेच बांधलेला, तो उडणारच. डाव्या हाताने त्याने साखळीचं मोकळं टोक तारेवर भिरकावलं.

फाडकन ठिणगी उडाली, पेटीतून धूर आला, लाल दिवा गेला. पुढच्याच क्षणी मनकर्णाचा घामाने ओला हात तारेवर पडला.

ती तार ओलांडून आत आली आणि तिची घागर रामहरीच्या टाळक्यात बसली. मग बाकीच्यांनी त्याला आडवा केला. अर्जुनराव मोसंबीतून पळाला, धोतर काट्यात सोडून. तार बायांनी त्याच दिवशी उपटली.

मनकर्णाने अंगठ्याला पदर गुंडाळला. काळी पडलेली पेटी पाहून, साखळी का फेकली हे तिला आता कळलं होतं.

"तुमीच म्हनला व्हता, तार मारत न्हाई."

जालिंदर तिचा ओला हात धरून, सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा रडला.