सावलीची बाजू

वऱ्हाड मध्यप्रांतात होता, त्या काळी जलंब स्टेशनावर माझं सोड्याचं दुकान होतं. फाल्गुनातल्या एका दुपारी खामगावच्या गाडीतून उतरलेला एक म्हातारा शेतकरी बर्फ मागायला आला. त्यानं थर्मासमधलं वितळलेल्या बर्फाचं पाणी ओतून टाकलं, तेव्हा आत काचेची बंद बाटली दिसली. तिच्याभोवती फडकं नीट गुंडाळून मगच त्यानं बर्फ भरला.

"बरफ भिडू द्याचा नाही, नुसतं गार ठेवाचं, असं डाक्टरनं सांगतलं," तो म्हणाला. "माह्या बायकोचे डोये हायेत. आज सकाऊन गेली. मुंबईले कोन्या आंधयाले बसवतीन."

मी हबकलो. "आणि तिची माती?"

"भाऊ करून राह्यला. तो म्हने, डोये मी नेतो, तू थांब. पन हे मलेच पोचवाचं होतं."

मी दिलेला सोडा तो उभ्यानंच प्यायला. थर्मास मात्र त्यानं हातातून खाली ठेवला नाही. मुंबईची गाडी आली, तेव्हा त्यानं विचारलं, "इच्यात सावली कोन्या बाजूनं रायते?"

"उजवीकडं."

"बरं झालं. तिले ऊन सोसत नाही."

तो खिडकीशी बसला आणि मांडीवरच्या थर्मासवर त्यानं उपरणं पांघरलं. गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.