टॅक्स वाचतो म्हणे, पण कुणाचा?

मैत्रिणींनो, आज उमरग्याला बँकेत गेले आणि डोकं फिरवून आले.

आमचे हे हायवेला ट्रक दुरुस्त करतात. पेन्शन-बिन्शन काही न्हाय. गुडघे आत्ताच बोलायला लागलेत, म्हणून म्हातारपणासाठी पीपीएफ खातं उघडायला दोघं गेलो.

टेबलावरचे साहेब म्हणाले, "पीपीएफ कशाला? ही पेन्शनची पॉलिसी घ्या. लई टॅक्स वाचतो."

मी विचारलं, "मधेच हप्ता चुकला तर काय होतं? आणि साठीनंतर हातात किती येतात?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ह्यांनाच म्हणाले, "भाऊ, टॅक्स वाचतो ना!"

हे पेन घेऊन सहीला वाकले. मी हातच धरला. "अहो, आपण टॅक्स कधी भरलाय? मग वाचवायचा कुठला?"

हे थांबले. "व्हय की ओ साहेब. आमची कमाई टॅक्सात बसतच न्हाय."

साहेबांनी पॉलिसीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, पीपीएफचे अर्ज संपलेत, सोमवारी या.

"आणा कुठूनतरी, तोवर आम्ही इथंच बसतो," मी म्हटलं. थोड्या वेळानं त्यांच्याच कपाटात अर्ज सापडला! पैसे पंधरा वर्षं अडकतात, हेही मीच विचारून काढून घेतलं. खातं मात्र उघडलं.

बाहेर हे म्हणाले, "तू नसतीस तर म्या सही केली असती." तेव्हापासून जास्तच चिडचिड होतेय. एकटे येणारे किती जण सही करून जात असतील?

तुमच्या घरात कुणी फक्त 'टॅक्स वाचतो' म्हणून अशी पॉलिसी घेतलीय का? आज जेवताना एकदा विचारून बघा.