पिक्चरवाल्यांनी मारलेला माझा नवरा

दुपारी दोनपर्यंत आमचे डबे जातात आणि चारला संध्याकाळची कणीक भिजवायची वेळ होते. मधल्या वेळात मी पिक्चर बघते. लातुरात क्लासच्या पोरापोरींची मेस चालवणाऱ्या बाईला एवढी चैन परवडते.

मागच्या आठवड्यात एक जुना पिक्चर लागला होता. त्यात एक विधवा आई शिवणयंत्र चालवून दोन मुलं शिकवते. पूर्ण पिक्चरभर ही बाई कोणाशी भांडत नाही. दोरेवाल्याशी नाही, कापडवाल्याशी नाही. घरमालक अंगावर ओरडतो तर पदर तोंडात कोंबते. मी विचार करत होते की एखाद्या गिऱ्हाइकानं ब्लाउज काखेत घट्ट झाला म्हणून परत आणून आपटला तर ही काय करेल? रडेल आणि फुकट उसवून देईल. असा धंदा तीन महिन्यांत बसतो. पण पिक्चरमध्ये तिचे केस पांढरे होतात आणि मुलगा फौजदार होतो.

त्याआधी एक नवा बघितला, क्लासचा. एक सर गच्चीवर गरिबाच्या पोरांना शिकवतात, पोरं रस्त्याच्या दिव्याखाली वाचतात आणि शेवटी सगळी पास होतात. अडीच तासांत एकाही पोरानं पोळीचा तुकडा मोडलेला नाही. मी इतकी वर्षं डॉक्टर होऊ घातलेली पोरं जवळून बघते आहे. परीक्षा जवळ आली की तीच पोरं आठ-आठ पोळ्या खातात आणि वर म्हणतात, "काकू, भाजी खारट झाली." त्या पिक्चरमधला बाप सरांपुढे पागोटं काढून हात जोडतो. आमच्याकडे येणारा बाप आधी विचारतो की तेल कुठलं वापरता. मग वरणात पळी घालून ती उभी राहते का बघतो. अशा बापाला मी मानते. त्याच्याशी भांडायला मजा येते.

शेजारी माझे मालक बसतात. त्यांना गोष्टीशी काही देणंघेणं नसतं. ते इथल्याच एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. रीळ संपत आली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकायचा आणि तो बघून दुसरी मशीन सुरू करायची, हे त्यांचं काम. अजूनही टीव्हीवर जुना पिक्चर लागला की हिरॉइन मरत असली तरी यांची नजर कोपऱ्यात. ठिपका आला की म्हणतात, "बदल." आणि उजवा हात आपोआप उचलला जातो.

आता ज्या पिक्चरसाठी हे लिहायला बसले त्याचं सांगते.

बाहेरच्या माणसाला लातूर म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. आधी यायचे ते भूकंपाचं विचारायचे, भिंतींच्या भेगांचे फोटो काढायचे. नंतर क्लासचं विचारणारे आले. मग दोन्ही एकदम पाहिजे असलेला एक आला. पुण्याचा पिक्चरवाला होता, डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर, तेही आमच्या एप्रिलमध्ये. म्हणाला, "मावशी, मला तुमच्या स्वयंपाकघरात चार दिवस नुसतं बसू द्या."

मी म्हटलं, "नुसतं कोणी बसत न्हाई इथं. बसायचं तर लसूण सोलायचा. अन् मावशी म्हणायचं न्हाई."

त्यानं चार दिवस लसूण सोलला. निम्मा सालासकट. आणि मावशी म्हणायचं काही सोडलं नाही.

मी त्याला टॉकीजची हकीकत सांगितली. भूकंपात आमच्या शहरातल्या घराच्या भिंतीला भेग गेली, इतकंच. खरं गेलं ते औसा-निलंग्याकडच्या गावांचं. पण भीती सगळ्यांनाच बसली होती. टॉकीज पुन्हा सुरू झालं तेव्हा दाराजवळच्या खुर्च्या आधी भरायच्या आणि बाल्कनीत कोणी चढायला तयार नसायचं. अशात एक मारधाडीचा पिक्चर लागला. हिरोनं सुरुंग लावून पूल उडवला, धडाम आवाज झाला, खुर्च्या थरथरल्या, आणि सगळं पब्लिक चपला टाकून रस्त्यावर. वरच्या केबिनमध्ये आमचे मालक तेवढे राहिले. मशीन सोडून गेलं तर फिल्म जळते म्हणून. थोड्या वेळानं लोक परत आले तर पूल उडून गोष्ट पुढं गेलेली. त्यांनी आरडाओरडा केला, आमचा पूल राहिला, पुन्हा दाखवा. यांनी रीळ उलटी गुंडाळली, पूल पुन्हा उडवला आणि तेच लोक पुन्हा पळाले.

मफलरवाला हसला नाही. वहीत लिहिलं, "नवरा केबिनमध्येच राहिला." आणि खाली दोन रेघा ओढल्या. मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

पण सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही, आणि इथंच माझी अडचण आहे. टॉकीज बंद पडलं तेव्हा टॉकीजच्या शेठनं हॉल एका क्लासला दिला. जिथं हिरॉइनी नाचायच्या तिथं सर भौतिकशास्त्र शिकवायला लागले. माइक आणि दिवे सांभाळायला यांना ठेवलं होतं. दोन महिन्यांनी हे घरी येऊन म्हणाले, "त्या सरांचा इंटरवलच होत न्हाई." पुन्हा गेले नाहीत. तेव्हा मी चार पोरींचे डबे करत होते. हे परातीपुढं बसले आणि कणीक मळायला लागले. त्या दिवसापासून आजपर्यंत कणीक त्यांची, भात त्यांचा, शेगड्या त्यांच्या. माझ्याकडं बाजार, घासाघीस आणि आरडाओरडा.

एका जूनमध्ये एक आई आपल्या पोरीला घेऊन मेस बघायला आली. म्हणाली, "भूकंपात लई भोगलं असंल तुम्ही."

मी म्हटलं, "हाव. मग हे सगळं एकटीनं उभं केलं."

तोंडातून निघून गेलं. हे आत भात निथळवत होते. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं रविवारच्या गोडाचं विचारलंच नाही. तेल कुठलं तेही नाही. बाजारात वाढलेल्या बाईच्या हे लगेच लक्षात येतं. पुढच्या जूनमध्ये मी ते वाक्य मुद्दाम म्हटलं आणि नंतर दर जूनमध्ये म्हणत गेले. मफलरवाल्यालाही तेच ऐकवलं. नवरा मेला असं मी कधीही म्हटलेलं नाही. ते ऐकणारे आपल्या मनानं घालायचे. यांना ऐकू जात असणार, पण हे कधी बाहेर आले नाहीत. मला वाटायचं, जन्मभर केबिनमध्ये बसलेला माणूस, लोकांपुढं येण्याची हौस नसेल.

वर्षभरानं पिक्चर तयार झाला. नांदेडला सरकत्या जिन्याच्या एका नव्या थिएटरात निवडक लोकांसाठी खेळ ठेवला होता. मफलरवाल्यानं दोन पास पाठवले. मी फोन करून तिसरा काढला, आमच्याकडं पोळ्या लाटणाऱ्या बाईसाठी. ती औशाकडच्या एका गावची. भूकंपात तिचा नवरा आणि लहानगी पोर गेली. या गोष्टीवर ती कधी बोलत नाही आणि मफलरवाल्यानं तिला कधी विचारलं नाही, कारण तो बोलणाऱ्यांकडेच बसायचा. रविवार होता. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून सकाळचे डबे लवकर काढून आम्ही तिघं एसटीनं निघालो.

पिक्चर असा आहे. माझी हिरॉइन काडीसारखी बारीक, डोळ्यांत काजळ, गॅसपुढं उभी असून कपाळाला घाम नाही. तिचा नवरा ऑपरेटर. टॉकीजमध्ये खेळ चालू असताना भूकंप होतो. लोक पळतात. हा पळत नाही, दोन्ही हातांनी रीळ धरून उभा राहतो आणि छत कोसळतं. पुढच्याच दृश्यात त्याचा फोटो, त्याला चंदनाचा हार.

आमचे मालक हळूच म्हणाले, "भूकंप पहाटं झालता. पहाटं कुठला शो असतो?"

मी म्हटलं, "गप बसा."

"अन् मशीन एकच दाखवलीय. दोन असतात."

मग ती विधवा मेस काढते. कणीक मळताना तिचे अश्रू टपटप कणकेत पडतात. आमच्या कणकेत कोणी असं रडलं असतं तर मी दंडाला धरून बाहेर काढलं असतं. वरण इतकं पातळ दाखवलंय की ताटाचा तळ दिसतो. ते मला अजून सहन होत नाही. आणि ती बाई पोरांना वाढताना म्हणते, "भूक हीसुद्धा एक परीक्षाच असते, बाळांनो." यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पोरांना वाढताना "ताटात टाकू नका, घ्याल तेवढं खा" याशिवाय काही म्हणत नाही.

पोळ्या लाटणारी बाई बराच वेळ पडद्याकडं बघत होती. मग मला म्हणाली, "लई रडायलीय वं ही. आम्हाला तर चार महिने रडूच आलं न्हाई."

खेळ संपल्यावर मफलरवाल्यानं मला पुढं बोलावलं. "याच त्या मावशी!" लोक उभे राहिले. एका बाईनं माझे हात धरून डोळ्यांना लावले. तेवढ्यात त्याचं लक्ष यांच्याकडं गेलं. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, माझी पिशवी धरून बाजूला उभे होते. त्या चार दिवसांत हे आत शेगडीपाशी होते, लसणाच्या टोपलीपाशी नव्हते. त्यानं यांना आचारी समजून सोडून दिलं असणार.

"आणि हे काका? तुमचे भाऊ का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. भाजीवाल्याला, गॅसवाल्याला, घरमालकाला तोंडावर ऐकवणारी मी. आणि मी म्हणाले, "घरचेच आहेत."

यांनी ऐकलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

परतीच्या एसटीत मी मफलरवाल्याचा उद्धार सुरू केला. लोहा येईपर्यंत त्याच्या टोपीचा, मफलरचा, सालासकट सोललेल्या लसणाचा हिशेब झाला. जिवंत माणसाला हार घालतो, लाज वाटत नाही का याला, असं मी म्हटलं तेव्हा हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याला कशाला शिव्या देतीस? त्यानं तुझंच ऐकलं की."

 

दुसऱ्या दिवशी कणीक वेळेवर झाली, भात मोकळा झाला. पण दुपारी मी टीव्ही लावला तर हे चप्पल घालून बाहेर गेले आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापुढच्या बाकावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही तेच. तीन आठवडे मी एकटीनं पिक्चर बघितले. एका जुन्या पिक्चरमध्ये कोपऱ्यात ठिपका चमकला. रीळ बदलली. "बदल" म्हणायला शेजारी कोणी नव्हतं. मी टीव्ही बंद करून भांडी घासत बसले, आणि ती घासलेलीच होती.

तोवर पिक्चर गावोगावी लागला होता. मग जून आला. गल्लीत गाड्या, बॅगा, आईबाप, दारोदार खोल्यांची चौकशी. हिमायतनगरकडचे एक गृहस्थ आपली मुलगी आणि पुतणी घेऊन आले. दारातच हात जोडले.

"ताई, पिक्चर पाह्यला आम्ही तुमचा. मालक तसे गेले न... आमच्या घरची तर दोन दिवस रडून राह्यली होती. आम्हाला काही विचारायचं नाही. पोरी तुमच्या स्वाधीन."

दोन पोरी, दोन वर्षांचे डबे, आणि एकही प्रश्न नाही. असं गिऱ्हाईक जन्मात एकदा येतं. आतून भाताचं भांडं कलतं केल्याचा आवाज आला आणि मग थांबला. हे ऐकत होते.

मी आत तोंड करून ओरडले, "ओ! बाहेर या जरा!"

हे आले. बनियन, खांद्यावर पंचा, हातात झारा.

"हे आमचे मालक," मी म्हटलं. "जिवंत हायत. कणीक हेच मळतात, भात हेच लावतात. सगळं आम्ही दोघांनी उभं केलं. पिक्चरवाल्याला मीच अर्धवट सांगितलं होतं."

त्या गृहस्थांनी यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. जोडलेले हात हळूहळू सुटले आणि कमरेवर गेले. चेहऱ्यावरची दया उतरली आणि खाली नेहमीचा बाप निघाला.

"असं हाय का," ते म्हणाले. "मग तेल कोणतं वापरता? अन् दही देता का?"

दही आम्ही देत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "देऊ की. रोज देऊ."

"रोज?" मी यांच्याकडं वळले. "कोणी सांगितलं तुम्हाला रोज? दूध काय टाकीतून येतं का? जन्मभर आत बसलात अन् आज पहिल्यांदा बाहेर आलात तर सगळं वाटत सुटलात!"

"पोरी लांबून आल्यात. उन्हाळ्यात दही लागतं."

"आता जून हाय!"

"जूनमध्ये काय बर्फ पडतो लातुरात?"

पोरी तोंडावर ओढणी धरून हसायला लागल्या. तो बाप एकदा माझ्याकडं बघे, एकदा यांच्याकडं. मग मुलीला म्हणाला, "हाव, मालकच हायत हे. दुसऱ्याचं कोण इतकं ऐकून घेते?"

आठवड्यातून तीन दिवस दही ठरलं. हे चारवर अडून बसले होते.