झोक्याच्या टोकाला सुचेतावहिनी

आमच्या भाईंदर पूर्वेच्या सोसायटीत बातमी फिरली की सुचेतावहिनी नवऱ्याशी भांडून खाली पोरांच्या झोपाळ्यावर बसतात आणि एकट्याच पुटपुटतात, "आता थांबला... आता ओढतोय." भाजीवाल्या सरूबाईंनी ती मला दिली, मी चौथ्या मजल्यापर्यंत पोचवली. तिथे जाईस्तोवर वकीलसुद्धा ठरला होता.

सगळं खोटं. नवरा, म्हणजे आमचा जितेंद्र, समोरच्या बाकावर त्यांची पर्स धरून बसला होता. वहिनी अभ्यास करत होत्या.

मूळच्या गुहागरकडच्या. लग्नानंतर परळहून इकडे आल्या, बरीच वर्षं पतपेढीच्या काउंटरवर काढली, आता केबिन रोडवरच्या एका क्लासचं ऑफिस सांभाळतात. बी.एस्सी. जवळजवळ झालेली, कॅल्क्युलसचा पेपर तेवढा मानगुटीवर बसलेला. क्लासच्या मालकांनी सांगून ठेवलं होतं, "या वेळी सुटलात तर आठवीच्या गणिताची बॅच तुमची. नाही तर बाहेरून माणूस आणतो." ती बॅच वहिनींना हवी होती.

खोड एकच, पतपेढीतली. तिथे आधी आकडा घालायचा, मग पुढचं. गणितात वस्तूची टी सेकंदांनंतरची जागा दिलेली असायची: टीचा घन, वजा सहा टी वर्ग, अधिक नऊ टी. तिसऱ्या सेकंदाचं त्वरण काढा. वहिनी लगेच टीच्या जागी तीन घालून मोकळ्या! मग उरतो नुसता आकडा. आकडा काही बदलत नाही, म्हणून उत्तर शून्य. कुठलंही गणित द्या, गाडी आपली जागेवर.

बेव्हर्ली पार्कला वहिनींची शिकवणी घेणाऱ्या रुचिता मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो ताई, पाहुणे जेवायच्या आधीच विडा देताय! जागा कशी बदलते तो वेग, वेग कसा बदलतो ते त्वरण. दोनदा अवकलन करा, मगच तीन घाला."

वहिनींनी तसं केलं. वेग आला तीन टी वर्ग, वजा बारा टी, अधिक नऊ. त्वरण आलं सहा टी वजा बारा. आता तीन घातल्यावर वेग शून्य, पण त्वरण सहा! वहिनी पुन्हा अडल्या. थांबलेल्या वस्तूला त्वरण कसलं?

म्हणून तो झोपाळा. टोकाला झोका क्षणभर थांबतो, पण तिथे लटकून राहत नाही. परतीची ओढ तेव्हाही असतेच. हे त्यांनी अंगावर घेऊन पाहिलं. आणि मी नि माझी बायको मिनल, आम्ही गॅलरीतून चहा पीत संसार मोडल्याच्या गप्पा मारल्या.

परीक्षेत तसंच गणित आलं. वेग शून्य, त्वरण चार. वहिनी खुशीत परतल्या, तर जिन्यात शेजारचे पंढरीनाथकाका भेटले. पेपरवर टिपलेलं उत्तर बघून म्हणाले, "थांबलेल्याला त्वरण? गेलं बरं का हे, पोरी." झालं! त्या दिवसापासून वहिनींच्या भाजीत मीठ राहीना. जितेंद्र माझ्याकडे लोणचं मागायला यायला लागला. "काकांना कशाला दाखवलंस?" एवढंच तो वहिनींना म्हणायचा, तेही घराचं दार लावून.

परवा निकाल लागला. वहिनींनी मोबाइल जितेंद्रच्या हातात दिला, त्यानेच वाचलं, "पास! अगं, चांगली पास!" वहिनी पायरीवरच बसल्या. हसल्या, रडल्या, मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "हुश्श! आता आमटी नीट होईल." मजल्यावरची दारं भराभर उघडली. काकासुद्धा आले, "मी म्हणालोच होतो," असं म्हणून दोन पेढे उचलून गेले. खरं सांगतो, मलाही छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. जितेंद्रपायी लोणच्याची बरणी तळाला गेली होती.

तरी जीभ कुठली गप्प बसायला! म्हटलं, "वहिनी, एवढी मरमर करून शेवटी काय मिळालं हो?"

त्या म्हणाल्या, "आठवीची बॅच मिळाली, भाऊजी. तुमचा सूरज त्यातच आहे. पालकांच्या मीटिंगला तुम्हीच या, मिनलला पुढे करू नका."